मदत हवी आहे: हवामान संवादाचा प्रकल्प, 'समजलं का' हे तपासायचं कसं?

रत्नागिरी जिल्ह्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा शाश्वतता आणि हवामान संवाद हा पेपर घेतलाय. वर्गात आयपीसीसीचे (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) अहवाल, तापमानवाढीची १.५ अंशांची मर्यादा, आलेख. प्रकल्प मात्र हर्णै बंदरावर मच्छीमारांसोबत.

आलेखाचं पोस्टर लावून पाहिलं. जाळं शिवत बसलेल्या काकांनी सुई न थांबवता विचारलं, "वारा कधी फिरणार ते सांग." (प्रश्न रास्तच आहे.) मग ३ जून २०२० च्या निसर्ग वादळावरून सुरुवात केली, तर माणसं भरभरून बोलली. पण मॅडम म्हणतात, गप्पा रंगल्या म्हणजे संदेश पोचला असं नाही, पुरावा आणा. गुगल फॉर्म दिला तर तो घरातली पोरंच भरतात.

अडचण वेळेची. मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत, तोवरच माणसं किनाऱ्यावर सापडतात. खर्चाला पैसे नाहीत. बऱ्याच जणांना लिहायचा कंटाळा. अहवाल मराठीतच द्यायचाय, त्यामुळे इंग्रजी प्रश्नावल्या नकोत. सर्वेक्षण कसं करावं हे सर्वसाधारण सल्लेही नकोत.

असा पेपर कोणी केलाय का? न लिहिता, तोंडी, आधी आणि नंतर काय समजलं हे तुम्ही कसं नोंदवलंत, आणि परीक्षकांनी ते मान्य केलं का?