मदत हवी आहे: बीएनएसला (भारतीय न्याय संहिता) ८० पैकी २७, पुनर्मूल्यांकनाला टाकू का?

तिसरं_सेम:
काल संध्याकाळी लॉच्या तिसऱ्या सेमचा निकाल लागला. बीएनएसला ८० पैकी २७, इंटर्नल २० पैकी १८. बाकी सगळे विषय सुटले, हाच अडकला. पेपर पूर्ण सोडवला होता, शेवटच्या दहा मिनिटांत दुसरी पुरवणी बांधली. ज्या मित्राला माझ्या नोट्स दिल्या त्याला ५१ पडलेत. माझी बेरीज ४५ होते, मग नापास कसा? पुनर्मूल्यांकनाला टाकू की नको? सीनियर म्हणतात पैसे जातात आणि गुण तेच राहतात. ज्यांनी केलंय त्यांनी लवकर सांगा, पोर्टल बंद होईल.

मृण्मयी_ठाणे:
विद्यापीठ कुठलं? कोर्स तीन वर्षांचा की पाच? पोर्टल कधी बंद होतंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.
बेरजेचं सांगते. तुमच्याकडे लेखी आणि इंटर्नलचं पासिंग वेगवेगळं असणार. ८० चे ४० टक्के म्हणजे ३२. तुला लेखीत पाच कमी आहेत, तिथे इंटर्नलचे १८ कामाला येत नाहीत. ऑर्डिनन्स (विद्यापीठाचे परीक्षेचे नियम) उघड, ग्रेस (वाढीव गुण) बसतो का तेही त्यातच मिळेल.

वकीलकाका:
पुनर्मूल्यांकनाच्या नादी लागू नकोस. सरळ माहिती अधिकारात उत्तरपत्रिका माग. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय, सर्वोच्च न्यायालय, २०११. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती बघण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असं स्वच्छ म्हटलंय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. प्रतीला पानामागे २ रुपये. परीक्षकाचं नाव मात्र मागू नकोस, ते देत नाहीत. कायदा शिकतोस ना, मग वापर की.

मृण्मयी_ठाणे:
काका, उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस आहेत. तोवर पोर्टल बंद. पेपर हातात येईल, पण तो पुन्हा तपासायला कुणी बांधील नसेल. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्काने मागता येत नाही, हे १९८४ साली परितोष शेठ खटल्यात ठरलं. तोही आपल्याच राज्य मंडळाचा खटला होता. नियमात सोय दिली आहे ती मुदतीत वापरायची. माहिती अधिकार नंतर.

वकीलकाका:
मी कुठे म्हटलं एकच कर? दोन्ही कर. छायाप्रतीची फी न परवडणारी मुलं मी रोज बघतो, त्यांच्यासाठी लिहिलं.

पाटीपेन्सिल:
मी विधी महाविद्यालयात शिकवतो, कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रीय मूल्यांकनाला) पेपर तपासायला जातो. धागाकर्त्याने तीन गोष्टी सांगाव्यात. पेपर मराठीत लिहिला की इंग्रजीत? कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची (भादंवि) लिहिली की नव्या बीएनएसची? प्रॉब्लेमच्या प्रश्नाला काय लिहिलं? याशिवाय २७ बरोबर की चूक हे कुणीच सांगू शकणार नाही.

तिसरं_सेम:
तीन वर्षांचा. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, अजून तीन सेम तिथेच काढायचेत. पोर्टल शुक्रवारपर्यंत आहे.
सर, पेपर मराठीत लिहिला. कलमं ३००, ३०२ अशी लिहिली, क्लासच्या नोट्स जुन्या होत्या. प्रॉब्लेम असा होता: नवऱ्याला सकाळी बायकोचं प्रकरण कळतं, तो संध्याकाळी कोयता घेऊन त्या माणसाकडे जातो. मी नानावटी खटला (नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो) पूर्ण लिहिला. ज्युरीचा ८ विरुद्ध १ कौल, ब्लिट्झ साप्ताहिकाने घेतलेली बाजू, राज्यपालांची माफी, सगळं. चार पानं झाली.

गोदाकाठ:
मराठीत लिहिलंस तिथेच घात झाला. इंग्रजीवाल्या परीक्षकाकडे गठ्ठा गेला की तो चाळून गुण टाकतो. पुढच्या वेळी इंग्रजीत लिही.

माणदेशी:
असं सरसकट सांगू नका. मी सहाही सेमिस्टर मराठीत लिहून पास झालो, आज तालुका कोर्टात उभा राहतो. पारिभाषिक शब्द पक्के हवेत एवढंच. सदोष मनुष्यवध आणि खून यांची सरमिसळ केली की गुण जातात, मग पेपर कुठल्याही भाषेत असो.

गोदाकाठ:
तुमचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं नाही.

एआयबीई_पास:
सनद घ्यायच्या वेळी या गुणांकडे कोणी बघत नाही. एआयबीईला (बार कौन्सिलची वकिलीसाठीची परीक्षा) १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, खुल्या गटाला ४५ टक्के पुरे. टिपणं नसलेले, नुसत्या मूळ कायद्याचे बेअर अॅक्ट नेता येतात. आत्तापासून तेच चाळायला लाग.

मृण्मयी_ठाणे:
अहो, आधी तो पदवीला तर पोचू दे.

पाटीपेन्सिल:
कलमांचं आधी. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. अभ्यासक्रमात बीएनएस असेल तर खुनाची व्याख्या १०१, शिक्षा १०३. तत्त्व बरोबर असेल तर मी जुन्या कलमाला एखाद-दुसरा गुण कापतो. काही सहकारी पूर्ण उत्तर चुकीचं धरतात, ते मला पटत नाही.

माणदेशी:
सर, त्या तारखेआधीचे गुन्हे आजही भादंविखालीच चालतात. आम्ही दोन्ही संहिता बरोबर घेऊन कोर्टात जातो. विद्यार्थ्याला का कापायचं?

पाटीपेन्सिल:
कारण प्रश्न बीएनएसवर आहे. पण खरं नुकसान कलमांनी झालेलं नाही, नानावटीने झालंय. प्रॉब्लेमला खटल्याची गोष्ट नको असते. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभन, कलम १०१ चा पहिला अपवाद. त्या निकालातली एकच गोष्ट तुझ्या प्रश्नाला लागू होती: दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या, मधल्या तीन तासांत डोकं ताळ्यावर यायला पुरेसा वेळ होता. तुझ्या प्रश्नातलं 'सकाळी' आणि 'संध्याकाळी' हे दोन शब्द त्याच्याशी जोडायचे होते. ते जोडून अपवाद मिळत नाही, म्हणून १०५ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) नव्हे, १०३, एवढं लिहिलं असतं तर पाऊण पानात काम झालं असतं. ब्लिट्झला गुण नाहीत रे.

सईची_आई:
माझ्या मुलीच्या मूट कोर्टच्या (सरावाचा लुटुपुटीचा खटला) विषयाचं कोणी सांगेल का? १०० गुण कॉलेजातच देतात म्हणे.

पाटीपेन्सिल:
ताई, बार कौन्सिलने २००८ च्या नियमांत तो विषय आखून दिला आहे. तीन मूटचे ३०, दिवाणी आणि फौजदारी असे दोन खटले पाहून केलेल्या नोंदींचे ३०, पक्षकाराची मुलाखत, खटल्याची पूर्वतयारी आणि इंटर्नशिपची डायरी मिळून ३०, तोंडी १०. डायरी रोजची रोज लिहायला सांगा. आदल्या रात्री लिहिलेली लगेच ओळखू येते, सगळीकडे एकच शाई असते.
धागाकर्त्यासाठी: पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घे. दोन पुरवण्या म्हणालास, मुखपृष्ठावर आकडा घातला होतास का? पानं मोजून बघ.

तिसरं_सेम:
बारा दिवसांनी लिहितोय. छायाप्रत आली. मुखपृष्ठावर माझ्या अक्षरात पुरवण्या '२' आहे. छायाप्रतीत एकच पुरवणी आहे. सहाव्या प्रश्नाच्या चौकटीत नुसती आडवी रेघ. तो प्रश्न दुसऱ्या पुरवणीत होता, १२ गुणांचा. नानावटीला १२ पैकी ३ आहेत. सरांचं वाचल्यावर ते पटले. पण सहावा तपासलाच नाही. हात थरथरतायत. आता काय करू?

मृण्मयी_ठाणे:
हे पुनर्मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये मावणारं नाही. परीक्षा नियंत्रकांना वेगळा लेखी अर्ज दे, प्रत प्राचार्यांना.

पाटीपेन्सिल:
'अन्याय झाला' असं लिहू नकोस. लिही: मुखपृष्ठावर दोन पुरवण्यांची नोंद आहे, छायाप्रतीत एक आहे, प्रश्न ६ अतपासलेला आहे. परीक्षेच्या दिवशीचा पर्यवेक्षकाचा अहवाल तपासावा, अशी मागणी कर. पुरवण्या कुणाला किती दिल्या हे तिथे लिहिलेलं असतं. छायाप्रतीचं पहिलं पान जोड. दोन प्रती ने, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

वकीलकाका:
आणि माहिती अधिकारात त्या अहवालाचीच प्रत माग. आता माझा अर्ज उपयोगी आहे.

मृण्मयी_ठाणे:
हो काका, आता आहे.

तिसरं_सेम:
अर्ज दिला, शिक्का मिळाला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या पंधरा दिवसांनी या. माहिती अधिकाराचा अर्ज रात्री लिहितो, १५० शब्दांत बसवून इथे टाकतो. काका, बघाल का?