बिल फाडताना 'मॅडम', टॉयलेटच्या दारात 'इकडे नाही'

माहीमकरीण
परवा इथे बापट काकांनी लिहिलं की मॉलमध्ये लेडीज टॉयलेटच्या लायनीत एक तृतीयपंथी उभी होती, म्हणून त्यांच्या मिसेस तशाच परत फिरल्या, आणि "दुकानवाल्यांनी गेटवरच काय ते ठरवावं". खाली लाइकवर लाइक. मी कपड्यांच्या दुकानात फ्लोअरला आहे काका, गेटवर काय ठरतं आणि कोण ठरवतं ते रोज बघते.

गणपतीच्या आधीचा शनिवार, पाय ठेवायला जागा नाही. एक ट्रान्स कस्टमर आली, तीन कुर्ते घेऊन ट्रायल रूमला गेली, कोणी काही बोललं नाही. दोन घेतले, वर मॅचिंग ओढणी. कॅशियरने कार्ड घासलं, मोबाइल नंबर घेतला, "पॉइंट्स जमा होतील हं मॅडम." पाचच मिनिटांनी तीच मॅडम टॉयलेटच्या दारात, आणि गार्डचा हात आडवा. "तुमचं इकडे नाही." मग कुठे? त्याने जेन्ट्सकडे बोट केलं, तिथे दोन पोरं आधीच खिदळत होती. ती पिशवी सावरून एस्कलेटरने खाली निघून गेली. गार्डला विचारलं तुला सांगितलं कोणी, तर म्हणे कोणीच नाही, पण कंप्लेंट आली की ड्युटी माझी जाते. बारा तास उभा असलेला एजन्सीचा माणूस, तो तोंडं बघून ठरवतो. हेच 'गेटवर ठरवणं'.

आणि मिसेसना त्या बाईने केलं काय ते पोस्टमध्ये कुठेच नाही. लायनीत उभी होती, एवढंच ना?

बापट_मुलुंड
ताई, लेख छान, भावनिक आहे. माझा मुद्दा साधा आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ती एकटी आत जाते. तिला अवघडल्यासारखं वाटलं तर त्याला किंमत आहे की नाही? की फक्त एकाच बाजूच्या भावना मोजायच्या? शिवाय रोज लोकलमध्ये जे चालतं ते आम्ही बघतो. टाळी वाजवून पैसे, नाही दिले तर शिव्याशाप, नव्या नवरानवरीला गाठून अडवणूक. सिग्नललाही तेच. मग भीती बसली तर चूक आमची?

कोर्टकचेरी
काका, सिग्नलवरचा राग टॉयलेटच्या दारात काढू नका. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा आहे, त्यात सार्वजनिक टॉयलेटची सोय करा असं सरकारांना स्पष्ट सांगितलंय. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ३ वाचा, लोकांसाठी खुली असलेली सेवा-सुविधा नाकारता येत नाही. कलम १८ मध्ये सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. स्वच्छ भारतच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्येही म्हटलंय की त्यांना पुरुषांचं की बायकांचं टॉयलेट वापरायचं ते त्यांनीच ठरवावं.

बापट_मुलुंड
ती गाइडलाइन गावाकडच्या शौचालयांची, मॉलची नाही. आणि तुम्हीच म्हणता कोर्टाने 'सोय करा' म्हटलं. वेगळी करा ना मग! मी कुठे नको म्हटलं? लेडीजमध्येच का?

नाना_गिरगाव
१८६७ च्या सराय अ‍ॅक्टप्रमाणे कुठल्याही हॉटेलात पाणी आणि टॉयलेट फुकट वापरायचा हक्क प्रत्येकाला आहे. कोणाला माहीतच नाही! जास्तीत जास्त शेअर करा.

कोर्टकचेरी
नाना, तो व्हॉट्सअ‍ॅपवाला मेसेज. तो कायदा वाटसरूंच्या सरायांच्या नोंदणीचा आहे हो, मॉलचा काय संबंध.

विरार_लेडीज
वेगळी करा म्हणे. आधी बायकांना तरी द्या! मी दादरला साड्यांच्या दुकानात आहे. दुकानात टॉयलेटच नाही. आम्ही सगळ्या मुली स्टेशनच्या टॉयलेटला जातो, तेही जेवणाच्या सुट्टीत, कारण मध्ये गेलं की शेठ घड्याळ बघतो. सणाच्या सीझनला सकाळपासून पाणीच पीत नाही आम्ही. आणि तिथे जाऊन पैसे द्या. बाजूला पुरुष मुतारीत फुकट जाऊन येतात, आम्ही पर्स उघडून सुट्टे शोधतोय. 'राइट टू पी'वाल्या बायका २०११ पासून मुंबईत हेच तर ओरडतायत. त्याच्यावर कधी धागा निघाला का हो?

नाना_गिरगाव
पुरुषांनाही बसायचं असेल तर पैसे पडतात. नळाला पाणी लागतं, माणूस ठेवावा लागतो, फुकट कसं करणार?

विरार_लेडीज
नाना, आम्हाला उभ्याने जमत नाही हा आमचा गुन्हा का? आम्ही लघवीला गेलो तरी तो काउंटरवाला पैसे मागतो, 'आत जाऊन काय करणार ते मला काय माहीत' म्हणतो. एकदा पन्नासची नोट होती, सुट्टे नाहीत म्हणून सोडलंच नाही, शेवटी पाठच्या बाईने माझे भरले.

नाना_गिरगाव
मग शेठला सांगा टॉयलेट बांधायला. सरकारने काय काय करायचं?

कोर्टकचेरी
शेठने बांधायलाच हवं. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने-आस्थापना कायदा आहे, ठरावीक संख्येइतके कामगार असले की लागू (आधी दहा, २०२५ च्या दुरुस्तीने वीस), त्यात कामगारांसाठी शौचालय-मुतारीची तरतूद आहे.

विरार_लेडीज
आम्ही रजिस्टरवर सात आहोत. प्रत्यक्षात किती ते तुम्ही शनिवारी येऊन मोजा.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत हा तमाशा होऊन गेलाय. टार्गेट या मोठ्या दुकानांच्या साखळीने एप्रिल २०१६ मध्ये जाहीर केलं की ट्रान्स गिऱ्हाईक आणि स्टाफ आपल्या ओळखीप्रमाणे टॉयलेट वापरू शकतात. बॉयकॉटच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या पडल्या. कंपनीने धोरण सोडलं नाही, पण दोन कोटी डॉलर काढून जिथे नव्हती त्या दुकानांत एकेकट्याची, आतून लॉक होणारी टॉयलेटं बांधायला घेतली.

विरार_लेडीज
दोन कोटी डॉलर! दादा, आमच्याकडे कडी बसवायला दोन महिने लागतात.

चौथी_सीट
इतका वेळ वाचत होतो. मी ट्रान्स पुरुष आहे. दाढी आहे, आवाज फुटलेला आहे, ऑफिसात सगळे 'सर' म्हणतात. बापटसाहेबांच्या हिशोबाने मी जन्माने जे होतो त्याप्रमाणे लेडीजमध्ये जायला हवं. येऊ का? तुमची चौदा वर्षांची मुलगी आत असताना मी दाढीसकट शिरलो तर तुम्हीच पहिली बोंब ठोकाल, आणि बरोबर ठोकाल. म्हणून मी जेन्ट्समध्ये जातो. तिथे चार मुताऱ्या, एक संडास, त्याला कडी नाही. एक हात दाराला लावून बसायचं. बाहेर कोणीतरी खोकतोय. मॉलमध्ये दोन तासांच्या वर थांबतच नाही मी, पिक्चरला गेलो तर इंटरव्हलला कोल्ड्रिंक घेत नाही. युरिन इन्फेक्शन दोनदा झालं, डॉक्टर म्हणतात पाणी प्या. पितो की, घरी.

बापट_मुलुंड
तुमची केस वेगळी आहे.

चौथी_सीट
सगळ्यांचीच केस वेगळी असते साहेब, म्हणूनच गार्डला ठरवायला देऊ नका म्हणतोय.

माहीमकरीण
काका, मुलीच्या काळजीवर एक अक्षर बोलणार नाही मी, मलाही भाची आहे. पण लेडीज टॉयलेटमध्ये मी आजवर ज्या तक्रारी ऐकल्या त्या दार नीट लागत नाही, वरून फोन धरून शूटिंग करत होता, बल्ब गेलाय, अशाच. ते शूटिंगवालं पोरगं पँट-शर्टातलं होतं, ट्रान्स नव्हतं. दारं जमिनीपासून छतापर्यंत करा, कड्या लावा, दिवे लावा. तुमची मुलगीही सेफ आणि ती ट्रान्स कस्टमरही.

बापट_मुलुंड
म्हणजे आम्ही मागास आणि तुम्ही सगळे पुढारलेले, झालं? उद्या कोणीही पुरुष साडी नेसून आत शिरला तर?

माहीमकरीण
ज्याला शिरायचंय तो साडी कशाला नेसेल, काका? सफाईवाल्याचा निळा शर्ट घातला की कोणी विचारत नाही. आणि आत जाऊन कोणी काही केलं तर पोलीस आहेतच, साडीला असो की शर्टाला, कलम तेच लागतं. वय बघून गप्प होते, पण तुम्ही मुद्दा सोडून 'मागास' वगैरे आमच्या तोंडी घालू नका.

बापट_मुलुंड
ठीक आहे. तुमच्या त्या पुढारलेल्या मॉलमध्ये अपंगांसाठी एक खोली असतेच, मोठी, आतून कडीवाली. ती सगळ्यांना उघडी ठेवा. माझी हरकत नाही. जणू मी हरकत घेऊन कोणी ऐकणार होतं.

चाकावरचा
वा. वाटायला आमचीच मिळाली. मी व्हीलचेअरवर आहे. ती खोली तुम्ही कधी उघडून बघितलीय का? कुलूप असतं. चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर जेवायला. उघडलं की आत मॉप, फिनेलचे कॅन आणि सेलचे जुने बोर्ड, माझी खुर्ची वळतच नाही. ट्रान्स लोक आले तर निदान कुलूप तरी निघेल, माझी काही ना नाही. पण एक वाढवा, एकाच खोलीत सगळ्या उरलेल्यांना कोंबू नका.

चौथी_सीट
एकमत. रांगेत तुम्ही पुढे.

नाना_गिरगाव
सराय अ‍ॅक्टचं मी वकिलांना विचारलंय, ते बघून सांगतो म्हणालेत.

माहीमकरीण
सोमवारी आमची स्टोअर मीटिंग आहे. कुलूप काढा आणि गार्डला लेखी द्या की कोणाला अडवायचं नाही, एवढे दोनच विषय मांडणार आहे. मॅनेजर म्हणेल मॉलवाल्यांना विचारा, मॉलवाले म्हणतील एजन्सीला विचारा.

बापट_मुलुंड
मांडा. आणि ते मॉप कुठे ठेवणार तेही ठरवून या, नाहीतर लेडीजच्याच एका दारामागे जातील.

विरार_लेडीज
हे मात्र काका बरोबर बोलले.