जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, मधला पिकअप बंद आणि प्रचंड हम, सगळं वायरिंग बदलू का?

कोपरखैरणेकर:
नमस्कार मंडळी, ऐरोलीच्या एका मुलाकडून जुनी स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची) गिटार घेतलीये, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारी चुंबक-कॉइल), पाच पोझिशनचा स्विच. नेक एकदम सरळ, हातात इतकी छान बसते की खाली ठेववत नाही, म्हणून खर्च करायची तयारी आहे. पण व्हॉल्यूम फिरवला की खरखर, स्विच मधोमध ठेवला की आवाजच नाही, केबल जरा हलली की कट होतं आणि हम (सतत घुंऽऽ आवाज) तर विचारू नका, तारांना हात लावला की मात्र बराच कमी होतो. नौपाड्यात एका दुकानात दाखवली तर म्हणाले सगळं काढून नवीन टाकू. माझ्याकडे मल्टीमीटर आणि २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आहे, घरी जमेल का?

ठाणे_टोन:
जमेल, पण आत्ता काही उघडू नको. गिटारला केबल लाव, दुसरं टोक अँपला न लावता मीटरला लाव, एक प्रोब प्लगच्या टोकाला, एक त्याच्या मागच्या दांड्याला, मीटर २० के ओहमवर, व्हॉल्यूम फुल. आता ब्रिजकडून (तारा खालच्या टोकाला बसतात ती पट्टी) नेककडे एकेक पोझिशन बघ. एकट्या सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ के यायला पाहिजे आणि दोन पिकअप एकत्र असतात त्या पोझिशनला (दुसऱ्या आणि चौथ्या) त्याच्या निम्मं, कारण ते पॅरलल असतात. न उघडता अर्धं दुखणं कळतं यात. सरसकट वायरिंग बदलायला माझा विरोधच आहे, चांगलं चालणारं काढून टाकण्यात काय अर्थ, आणि नवीन टाकल्यावरही तोच पिकअप मेलेला निघाला तर?

नेरुळ_बेसवाला:
हात लावल्यावर हम कमी होतो म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, ही चांगली गोष्ट. तू स्वतःच अँटेना असतोस, तारांना हात लावला की तू ग्राउंड होतोस. उलट हात लावल्यावर हम वाढला असता तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात का ते बघायला सांगितलं असतं. सिंगल कॉइल थोडा हम करणारच, ट्यूबलाइटचा जुना चोक, डिमर, लॅपटॉपचा चार्जर यांच्यापासून लांब बसून बघ आधी. आणि एक गोष्ट खरंच मनावर घे, अँपचा प्लग तीन पिनचाच पाहिजे आणि सॉकेटला अर्थिंग पाहिजे. गिटारच्या तारा ग्राउंडमधून थेट अँपच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात, जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये काही लीक झालं तर तो करंट तुझ्या बोटात येतो. तारांना जराही झिणझिण्या आल्या तर वाजवणं बंद, आधी इलेक्ट्रिशियन.

कोपरखैरणेकर:
अर्थिंग तपासून घेतलं, ठीक आहे. रीडिंग ब्रिजकडून असे, ६.१, ६.१, मधे मीटर डावीकडे नुसता १ दाखवतो (म्हणजे रेंजबाहेर, सर्किट तुटलेलं), मग ५.८, ५.८.

ठाणे_टोन:
म्हणजे ब्रिज आणि नेक व्यवस्थित, मधला सर्किटमध्ये येतच नाहीये, म्हणून तर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला रीडिंग निम्मं झालं नाही. आता तारा सैल कर, पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पाटी) उघड आणि काही हलवायच्या आधी फोटो काढ. मधल्या पिकअपच्या वायरी जिथे कॉइलला जोडल्यात तिथेच मीटर लाव. तिथे ६ च्या आसपास आलं तर कॉइल जिवंत आहे, स्विचकडची वायर सुटली असेल, ५ मिनिटांचं काम. तिथेही १ आलं तर केसासारखी बारीक वायर टोकाला तुटलीये का बघ, आतून तुटली असेल तर दुसरा पिकअप.

कोपरखैरणेकर:
दादा कॉइलला ५.९ आलं!! स्विचवर वायर नुसती टेकलेली होती, सोल्डर सुटलेला.

ठाणे_टोन:
मस्त. स्विचला तुझं २५ वॉटचं चालेल. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) पाठीवर ग्राउंड वायर लावायची वेळ आली तर ४० ते ६० वॉटचं घे, पाठ आधी पॉलिश पेपरने घास, कारण कमी वॉटने धरून बसलास तर आतला ट्रॅक भाजतो. खरखरीला इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मार, गंज काढायचा स्प्रे नको, आणि नॉब पूर्ण पुढेमागे भरपूर फिरव. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉन्टॅक्ट काळे पडतातच. नाहीच गेली तर २५० के, ए टाइप पॉट, लॅमिंग्टन रोडला बघ, ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड. जाताना जुना पॉट सोबत ने, दांडा आणि भोकाची साइज वेगवेगळी असते. जॅकचा नट घट्ट कर, आतली पट्टी किंचित आत वाकव, कट होणं त्यानेच जाईल बहुतेक.

पिकगार्डचे सगळे स्क्रू लावायच्या आधी अँप लावून कमी आवाजात प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक कर, पाचही पोझिशनला योग्य पिकअप बोलतोय का बघ, मगच तारा चढव.