मदत हवी आहे : ऐहिक यश आणि देवाचा आशीर्वाद यांचा संबंध कसा समजावून सांगावा?

प्रभूमधील बंधुभगिनींनो, सलाम. आमच्या मंडळीतील तरुणांच्या बायबल अभ्यासवर्गासाठी मी या विषयाची तयारी करीत आहे. नवे घर, मुलाची नोकरी, गाडी यांसाठी उपकारस्तुती करणे मला योग्यच वाटते. परंतु दुकान बंद पडलेल्या एका मावशींनी ‘माझा दशमांश (उत्पन्नाचा देवाला दिलेला दहावा भाग) कमी पडला असेल का?’ असे विचारले. मलाखी 3:10 मध्ये दशमांश आणल्यास आशीर्वादाचा वर्षाव करण्याचे अभिवचन आहे; पाहुण्या उपदेशकांनी त्याचा लावलेला अर्थ कुठवर पोहोचतो हे तेव्हा दिसले.

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आज्ञापालनाबरोबर धान्य, गुरेढोरे व शत्रूंवर जय यांची अभिवचने आहेत, हे नाकारता येत नाही. मात्र ती इस्राएल राष्ट्राशी केलेल्या करारातील असल्यामुळे आजच्या एखाद्या व्यक्तीच्या धंद्याला ती थेट लावता येतील का, याविषयी मला शंका आहे. ईयोबाच्या पुस्तकात, सर्वस्व गमावलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्र संकटावरून पापाचा हिशेब मांडतात आणि 42 व्या अध्यायात देव त्यांच्यावर संतापतो. पण त्याच अध्यायात ईयोबाला पूर्वीच्या दुप्पट संपत्ती मिळते, आणि तरुण नेमके तेवढेच लक्षात ठेवतात. लूक 6 मध्ये तर येशू दीनांना धन्य म्हणतो व धनवानांविषयी हळहळतो.

हे उतारे एकत्र कसे वाचावेत? ज्यांनी हा विषय मंडळीत शिकवला आहे, त्यांनी आपली मांडणी कृपया कळवावी. दशमांश देणे चालू ठेवूनही त्यामागील भीती कशी दूर करावी आणि मावशींना काय उत्तर द्यावे, हेही सांगावे.