सल्ला हवा: मुलीला फॉर्म्युला वनच्या कुठल्या जुन्या शर्यती दाखवू?

सासष्टीकर
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. गेलं वर्षभर घरात फॉर्म्युला वनशिवाय दुसरा विषय नाही. भिंतीवर फेरारी, वहीच्या मागच्या पानावर टायरांचे रंग. मी बाजूला बसून बघतो, पण माझं ज्ञान १९९४ ला संपलेलं. त्या वर्षी १ मे ला मडगावात शेजाऱ्यांकडे केबलवर इमोलाची शर्यत बघत होतो. आयर्टन सेन्नाची विल्यम्स गाडी टांबुरेलोच्या वळणावर वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. आदल्या दिवशी पात्रता फेरीत दुसरा चालक रात्झेनबर्गर गेला होता, हे आम्हा पोरांना माहीतही नव्हतं. काकांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. त्यानंतर मी शर्यत म्हणून बघितली नाही.

आता ही विचारते, "बाबा, तुमच्या वेळी हेलो का नव्हता?" हेलो म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची कमान. काय सांगणार? तर, सुरक्षेचे नियम कसे बदलत गेले ते तिला कळेल अशा कुठल्या शर्यती दाखवू, कुठून सुरुवात करू? आणि इमोला दाखवू का? बायको म्हणते मुळीच नको.

फोंडा_वर्कशॉप
बाब, बहारीन २०२० लावा. पहिलंच लॅप. रोमां ग्रोजाँची हास गाडी उजवीकडे सरकते, क्व्यातच्या गाडीला लागते आणि ताशी १९२ किलोमीटरने लोखंडी कठड्यात घुसते. घुसते म्हणजे आरपार. चालकाचा कप्पा कठड्याच्या पट्ट्या फाकवून पलीकडे, इंजिनाचा भाग तुटून अलीकडे, मध्ये आगीचा लोळ. धक्का ६७ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ६७ पट. माणूस २७-२८ सेकंद आगीत. मग स्वतःच्या पायाने बाहेर येतो, एका पायात बूट नाही, हात भाजलेले.

त्या पट्ट्या डोक्यावर न येता फाकल्या त्या हेलोमुळे. टायटॅनियमची वाकवलेली नळी, वजन ७ किलोच्या आसपास, वरून साधारण १२ टन भार झेलते. आमच्याकडची दोन खांबांची लिफ्ट ४ टनांची आहे, यावरून अंदाज घ्या. २०१८ ला हेलो सक्तीचा झाला तेव्हा चपलेचा पट्टा म्हणून हसणाऱ्यांत मी पुढे होतो. मर्सिडीजचे संघप्रमुख टोटो वुल्फ तर करवतीने कापून टाकायच्या गोष्टी करत होते. खुद्द ग्रोजाँचाही विरोध होता. इस्पितळातून त्यानेच व्हिडिओ टाकून शब्द मागे घेतले.

डिचोलीची_बाई
बहारीनच. पण दाखवताना आगीच्या जागी दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवा. आग लागल्यावर काही सेकंदांत एक गाडी तिथे येऊन उभी राहते आणि डॉक्टर इयन रॉबर्ट्स थेट ज्वाळांकडे जातात. ती तिथे कशी? पहिल्या लॅपला वैद्यकीय गाडी सगळ्यांच्या मागून धावते म्हणून. ही पद्धत १९७८ पासूनची. इटलीत मोंझाला सुरुवातीलाच गाड्या एकमेकींवर गेल्या, चालक रॉनी पीटरसनचे पाय मोडले, आणि डॉक्टर सिड वॉटकिन्स तिकडे धावले तर पोलिसांच्या कड्याने त्यांनाच अडवलं. रुग्णवाहिका यायला वेळ गेला. पीटरसन दुसऱ्या दिवशी गेला. मग वॉटकिन्सनी हट्ट धरला की पहिल्या लॅपला मी मागून येणार. म्हणजे १९७८ मधला हट्ट २०२० मध्ये कामी आला. पोरांना अशी साखळी दाखवली की पक्की बसते, हा वर्गातला अनुभव.

रात्रपाळी_वास्को
साखळीच दाखवायची तर जपानची सुझुका २०१४ वगळून कसं चालेल? ज्यूल बियांकी. अपघाताचं चित्रण दाखवू नका, नुसतं सांगा. वादळी पाऊस, दुसऱ्या चालकाची, सुटिलची गाडी घसरून बाहेर गेलेली, ती उचलायला ट्रॅक्टर आलेला, पिवळे झेंडे दोन-दोन हलतायत. झेंडा म्हणजे हळू जा. किती हळू, ते ज्याचं त्याने ठरवायचं! सगळी गोम तिथेच. झुआरी पुलाच्या उतारावर जुलैत पाण्याचा थर साचतो तेव्हा पुढचा किती हळू होणार याचा अंदाज आपण रोज बांधतो, तो कधीतरी चुकतोच. बियांकीची गाडी त्याच जागी घसरून ट्रॅक्टरखाली गेली. नऊ महिने बेशुद्ध होता, जुलै २०१५ मध्ये गेला.

त्याच वर्षी व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे धोका असताना सगळ्यांनी ठरलेल्या हळू वेगाने चालवायची पद्धत. आता प्रत्येकाच्या स्टिअरिंगवर वेळ दिसते, तिच्यापेक्षा लवकर पोचलात तर शिक्षा. 'किती हळू' हे माणसावर सोडलेलं नाही. आणि तरी २०२२ ला सुझुकातच, पावसातच, ट्रॅकवर पुन्हा ट्रॅक्टर आला आणि चालक गासली त्याच्या बाजूने गेला. रेडिओवर केवढा भडकला होता! हे मुलीला नक्की सांगा, नाहीतर तिला वाटेल सगळं सुटलंय.

जुनं_ते_सोनं
माफ करा, पण आता शर्यत राहिलीच कुठे? हेलो, बॅटरी, इकडे आकडा तिकडे आकडा. यंदापासून तर निम्मी ताकद विजेची. जुन्या व्ही टेन इंजिनाचा आवाज ऐकलेल्या माणसाने काय बघायचं?

फोंडा_वर्कशॉप
आवाजाबद्दल तक्रार मान्य. बाकीचं नाही. यंदाच्या गाड्या साधारण ३० किलोंनी हलक्या आणि आकाराने लहान झाल्या, ही तर तुमचीच जुनी मागणी. डोक्यामागच्या रोल हूपची, म्हणजे गाडी उलटल्यास भार झेलणाऱ्या कमानीची चाचणी १६ वरून २० जी केली, कारण २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोउची गाडी उलटली तेव्हा हूप मोडला आणि पोर हेलोवर वाचलं. पुढचं नाकाड आता दोन टप्प्यांत चेपतं, पहिल्या धक्क्यात तुटून गेलं तरी दुसऱ्यासाठी काहीतरी उरावं म्हणून. आणि विजेची भीती मलाही आहे, हायब्रिडखाली हात घालताना रबरी मोजे घालतो. तिथे गाडीवर दिवा असतो. हिरवा नसेल तर चालकाने उतरायचं नाही, उडी मारायची. गाडी आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये.

नोएडा_२०११
जरा विषयांतर. ३० ऑक्टोबर २०११, बुद्ध सर्किट, मी स्टँडमध्ये. त्याच महिन्यात अमेरिकेच्या इंडीकार शर्यतीत डॅन व्हेल्डन आणि मोटरसायकलींच्या मोटोजीपीमध्ये मार्को सिमोनचेली गेले होते, म्हणून सुरुवातीआधी मिनिटभर शांतता पाळली. भारतात एवढे लोक एका जागी गप्प मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. आणि त्याच वीकएंडला सरावात ट्रॅकवर कुत्रा! सत्र थांबवावं लागलं. आपल्याकडचा सुरक्षेचा प्रश्न वेगळाच.

सल्ल्याचं म्हणाल तर हंगेरी २००९ राहिली. पात्रता फेरीत पुढच्या गाडीची निखळलेली स्प्रिंग चालक फिलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर. वाचला, पुढच्या वर्षी परत आला. २०११ पासून हेल्मेटच्या काचेच्या वरच्या कडेला झायलॉन या चिवट धाग्याची पट्टी लागली ती त्यातून.

डिचोलीची_बाई
इमोलाबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत: तुम्ही स्वतः आधी एकटे बघा. तीस वर्षं झाली, तुम्हालाच जड जाईल. तिला दाखवायचं की नाही ते मग ठरवा.

सासष्टीकर
देव बरें करूं सगळ्यांना. काल रात्री जेवणं झाल्यावर यूट्यूबवर बहारीन लावलं. बायको तांदूळ निवडत बसली होती, आग लागली तसा तिचा हात सुपात थांबला. मुलीने मात्र मधेच थांबवून मागे नेलं आणि वैद्यकीय गाडी किती सेकंदांत येते ते मोजलं. तीनदा. मग मी पीटरसनचं सांगितलं, वहीत लिहून घेतलं.

बाई, तुमच्या सल्ल्याप्रमाणे इमोला एकट्याने बघणार होतो. तिला सहज म्हटलं, एक शर्यत मी तुला दाखवणार नाही. तर म्हणते, "इमोला ना? आठवीतच बघितलीय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आता नवा घोळ. वेळापत्रकात माद्रिदची शर्यत १३ सप्टेंबरला, आणि चवथ (गणेश चतुर्थी) १४ ला. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सुरू होईल, म्हणजे नेमकी गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची वेळ. काय करावं?

फोंडा_वर्कशॉप
दुपारीच बांधा. कुमयाची फळं आणि नारळ आदल्या दिवशी आणून ठेवा, फोंड्याच्या बाजारात त्या दिवशी पार्किंग मिळत नाही.