मार्क संमिश्र आहेत, नोकरी सोडायची नाही. पार्ट-टाइम एमबीएला कुठली कॉलेजं धरू?

सप्लायवाला: नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं मार्क फारच कमी, मॅथ्सला केटी पण होती, शेवटच्या वर्षी मात्र फर्स्ट क्लास. आता सहा वर्षं सप्लाय चेनमध्ये आहे, डिमांड फोरकास्टचं (मागणीच्या अंदाजाचं) काम करतो, हाताखाली छोटी टीम आहे. जीमॅट फोकस (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं नवं रूप) 655. बूथ, केलॉग, हास या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलच्या संध्याकाळच्या किंवा वीकेंडच्या कोर्सला अप्लाय करायचंय, पण एकजण म्हणतो मार्क बघूनच फाइल बाजूला ठेवतील आणि दुसरा म्हणतो पार्ट-टाइमला सगळ्यांनाच घेतात. खरं काय धरायचं? सेफ कॉलेज कसं निवडायचं?

आकडेमोड: 655 चांगला आहे रे. फोकसचं स्केल 205 ते 805 आहे आणि जुन्या 700 च्या जागी साधारण 645 येतो, लोक जुन्या आकड्यांशी तुलना करून उगाच खचतात. तुझा खरा प्रश्न ती केटी आहे. नोकरी करून पहिल्याच टर्मला स्टॅट्स आणि फायनान्स झेपेल का, एवढीच शंका त्यांना येणार. क्वांटचा (गणिताच्या भागाचा) सेक्शन स्कोअर किती आहे? कमी असेल तर स्टॅट्स किंवा अकाउंटिंगचा असा कोर्स कर ज्यात ग्रेड मिळते, बर्कली युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशन विभागासारख्या ठिकाणी होतात, नुसत्या हजेरीच्या सर्टिफिकेटला कोणी विचारत नाही. ऑप्शनल एसेमध्ये मार्कांबद्दल चार ओळी सरळ लिही, रडगाणं नको.

शनिवारची बॅच: सगळ्यांना घेतात हे साफ चूक! बूथला संध्याकाळ-वीकेंडवाल्यांना डिग्री तीच मिळते, त्यामुळे निवड पण मनापासून करतात. फरक इतकाच की पार्ट-टाइमला येणारे सगळे नोकरीवाले, म्हणून कामाच्या अनुभवाला वजन जास्त. क्लास प्रोफाइलमध्ये नुसती सरासरी बघू नका, रेंज दिली असेल तर ती बघा. मार्क खाली पण जीमॅट रेंजच्या वरच्या भागात, तर अप्लाय करण्यात अर्थ आहे. दोन्ही खाली असतील तर ते ड्रीम कॉलेज, अशी फार ठेवू नका. सेफ म्हणजे जिथे दोन्ही आकडे मधल्यापेक्षा वर आहेत, एएसीएसबी, इक्विस किंवा एएमबीए (AMBA) यातलं एखादं, म्हणजे बिझनेस स्कूलच्या दर्जाची मान्यता देणारं, अ‍ॅक्रेडिटेशन आहे, आणि अ‍ॅडमिशन मिळाली तर तुम्ही खरंच आनंदाने जाल. जायचंच नसेल तर फी भरून फॉर्म कशाला भरायचा?

रात्रीची_लोकल: अंतराचं कोणी बोललंच नाही. ऑफिस सुटल्यावर क्लास, मग ग्रुप असाइनमेंट, आणि हे अडीच-तीन वर्षं, तेव्हा जिथे पोचता येतं तेच कॉलेज रिअलिस्टिक. बूथच्या वीकेंडला लोक दुसऱ्या शहरांतून विमानाने येतात, पण तो खर्च आणि दमणूक आधीच धरा. लाइन बदलायची असेल तर पार्ट-टाइमवाल्यांना कॅम्पस रिक्रूटिंगला बसू देतात का ते प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारा. अमेरिकेत असाल तर व्हिसा पण बघा, एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर फुल-टाइमच शिकावं लागतं, एच-1बी (नोकरीचा व्हिसा) वर नोकरी सांभाळून शिकता येतं.

सप्लायवाला: सगळ्यांचे आभार. क्वांट 84 आहे.

आकडेमोड: 84 चांगला आहे, मग परत परीक्षा देऊ नकोस. वेळ रेकमेंडेशनला दे, मोठ्या पदाच्या साहेबांपेक्षा रोज काम बघणारा बॉस पकड आणि तुझ्या डिमांड फोरकास्टमुळे स्टॉक किती कमी झाला ते त्याला आकड्यांत लिहायला सांग.