शू सांगते पण शीसाठी डायपरच मागते, काय करू?

अबोली:
मुलगी अडीच वर्षांची आहे. दिवसा शू अगदी व्यवस्थित सांगते, पण शी आली की डायपर घाल म्हणून मागे लागते आणि नाही घातला तर दोन-तीन दिवस धरून ठेवते, पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभी राहते, तोंड लाल होतं आणि मग होते ती इतकी कडक की नुसती रडारड. पॉटी सीट बघूनच पळते. जूनमध्ये नर्सरी सुरू होतेय, तिथे डायपर चालत नाही म्हणाले. सासूबाई म्हणतात डायपर घरातूनच काढून टाक, आपोआप बसेल. खरंच टाकू का?

केतकीचीआई:
अगं अजिबात नको! हा हट्ट नाहीये, तिला दुखतंय म्हणून ती घाबरलीय. शी धरून ठेवली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, मग अजून कडक, अजून दुखतं, की पुढच्या वेळी अजून धरते. आधी शी मऊ होऊ दे, तोपर्यंत डायपर मागितला की दे. दूध किती पिते? दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर कमी कर, दुधाने पोट भरलं की मुलं भाजी-पोळीकडे बघतसुद्धा नाहीत. पपई, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि मधेमधे पाणी.

रानवारा:
आमच्या मुलाचं सेम होतं. डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं सिरप दिलं, आणि शी मऊ झाली तरी लगेच थांबवू नका म्हणाले कारण भीती जायला वेळ लागतो. डोस त्यांनाच विचारा, मनाने देऊ नका, घरी एनिमा वगैरे तर नकोच. अजून एक, चड्डीला सारखी पातळ शी लागायला लागली तर जुलाब समजून औषध देऊ नका, आत अडकलेल्या कडक शीच्या बाजूने ती झिरपत असू शकते. रक्त दिसलं, पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच दाखवा.
आणि सीटवर पाय लोंबकळतात का तिचे? मग जोर कसा लावणार ती. पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. आज्या बाळाला पायांवर बसवायच्या तेव्हा पोरं अशीच उकिडवी बसायची.

अबोली:
पाय लोंबकळतातच! दूधही भरपूर पिते. उद्याच डॉक्टरांना फोन करते. पण डायपरवरून सीटवर आणायचं कसं?

केतकीचीआई:
हळूहळू. आधी डायपर घालून पण बाथरूममध्येच शी, मग डायपरसकट सीटवर, मग डायपर सैल करत जायचा, काहीजणी त्याला खाली भोक पाडतात. जेवणानंतर पाचेक मिनिटं बसव, पोट भरलं की आतडं हलतं त्यामुळे तेव्हा चान्स जास्त. शाबासकी बसल्याची द्यायची, शी झाली नाही तरी. नर्सरीच्या टीचरशी आत्ताच बोलून ठेव. आणि रात्रीचा डायपर इतक्यात काढू नकोस, ते वेगळं प्रकरण आहे, पाच वर्षांपर्यंत कितीतरी मुलं रात्री अंथरूण ओलं करतातच.